डॉक्टर हाताची घडी घालून उभे का होते?

मागच्या वर्षी एक मुलगा, म्हणजे तीस-बत्तीसचा असेल, मेडिक्लेमसाठी वडिलांच्या फाइलच्या झेरॉक्स न्यायला आला होता. वडिलांना पहाटे तीनच्या सुमारास छातीत दुखतंय म्हणून रिक्षातून आणलं होतं, कॅज्युअल्टीच्या दारातच कोसळले आणि पाऊण तास सगळं करूनही गेले. तो काही भांडायला आला नव्हता, पण मनात साचलेलं होतं ते आलंच बाहेर. म्हणाला, "सिस्टर, मी पडद्याच्या फटीतून सगळं बघत होतो. एक जण छाती दाबत होते ते ठीक आहे, पण मोठे डॉक्टर नुसते पायाशी हाताची घडी घालून उभे. हात पण लावला नाही त्यांनी. आणि एक सिस्टर तर चक्क कागदावर लिहीत होती. माझा बाप चाललाय आणि ती लिहितेय!"

ती लिहिणारी सिस्टर मीच होते.

मला राग नाही आला. चौदा वर्षं कॅज्युअल्टीत काढल्यावर एवढं कळतं की बाहेरून बघणाऱ्याला धावपळ म्हणजे काम आणि उभं राहणं म्हणजे कामचुकारपणा असंच वाटणार, नवीन असताना मला पण तसंच वाटायचं, आणि खरं सांगू का, नवीन असताना मी ज्या इमर्जन्सी बघितल्या त्यात सगळेच धावत होते आणि त्याच सगळ्यात वाईट गेल्या. एक जण सलाइनचा सेट शोधतोय, दोघं एकाच हाताला व्हेन बघतायत, तिसरा "ट्यूब कुठंय, ट्यूब" म्हणून ओरडतोय, आणि या गडबडीत छाती दाबायची थांबलीय हे कोणाच्या लक्षातच नाही. खोलीत आठ माणसं, प्रत्येकाला आपलं काम येतं, आणि पेशंटला मात्र काहीच मिळत नाहीये. सिनेमात दाखवतात ना तो आरडाओरडा, तसा सीन आमच्याकडे झाला की समजायचं काहीतरी बिनसलंय.

आधी हृदय बंद पडतं तेव्हा आम्ही नेमकं काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी कमीत कमी ५ सेंटिमीटर खोल, पण ६ च्या वर नाही, आणि दाबून झालं की छाती पूर्ण वर येऊ द्यायची. गावाकडचा हापसा आठवतो का? पहिले चार-पाच दांडे मारेपर्यंत पाणी येतच नाही, नुसता खडखडाट, मग कुठे धार लागते, आणि तुम्ही जरा दम खायला थांबलात की पाणी परत खाली, पुन्हा पहिल्यापासून. छातीचं पण जवळपास तसंच आहे. दाबत राहिलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रेशर हळूहळू तयार होतं, थांबलं की लगेच पडतं आणि परत चढायला कितीतरी दाब लागतात. म्हणून नाडी बघायला, शॉक द्यायला, कशालाही थांबायचं तर १० सेकंदांच्या आत. आणि दाबणारा माणूस दर २ मिनिटांनी बदलायचा. तो म्हणतो "मी ठीक आहे", तरी बदलायचाच, कारण दाब उथळ व्हायला लागलाय हे त्याला स्वतःला कळायच्या आधीच तो उथळ झालेला असतो.

आता हे २ मिनिट कोण मोजणार? दाबणारा मोजू शकत नाही, तो घामाघूम. डोक्याशी उभा असलेला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, धरून बसलाय, ३० दाब झाले की २ श्वास द्यायचे, एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, हनुवटी वर उचलायची, छाती उचलतेय का ते बघायचं, त्याचं जग तेवढंच. मॉनिटर आणि डीसी शॉकच्या मशीनशी एक जण, त्याचं काम रिदम, म्हणजे हृदयाची लय, बघणं, चार्ज करणं आणि शॉक द्यायच्या आधी "सगळे बाजूला" असं मोठ्याने म्हणून खरंच सगळे बाजूला झालेत का ते डोळ्याने बघणं. औषधांना एक सिस्टर, व्हेन लावणं, ॲम्प्यूल फोडणं, औषध देणं, मागून सलाइनचा फ्लश मारणं. आणि एक जण घड्याळ आणि कागद घेऊन. ॲड्रेनालिन दर ३ ते ५ मिनिटांनी जातं, कोणता शॉक कितव्या मिनिटाला गेला यावर पुढचं औषध ठरतं, आणि अशा वेळी माणसाचं आतलं घड्याळ साफ बिघडतं, दहा मिनिटं झाली तरी दोनच झालीत असं वाटतं. त्यामुळे लिहिणारी सिस्टर नुसती लिहीत नसते, ती मध्येमध्ये ओरडत पण असते, "दोन मिनिटं झाली, बदला", "ॲड्रेनालिनला चार मिनिटं झाली". पडद्याबाहेर ते ऐकू जात नाही, दिसतो तो फक्त कागद.

राहिले पायाशी उभे असलेले मोठे डॉक्टर. दहीहंडीला तुम्ही बघितलं असेल, खालच्या थरातली पोरं मान खाली घालून, एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून उभी असतात, त्यांना वर काय चाललंय काही दिसत नाही, आणि पथकाचा एक माणूस थराच्या बाहेर उभा राहून शिट्टी मारून सांगत असतो, तू वर, तू थांब, डावी बाजू ढिली पडतेय. आता तो माणूस म्हणाला की मी पण खांदा देतो, तर हंडी राहिली बाजूला, थरच कोसळेल. आमच्या सरांचं तेच. हात मोकळे ठेवले तरच डोळे मोकळे राहतात. मी एका ठिकाणी होते तिथे एक फार हुशार डॉक्टर होते, श्वासनलिकेत ट्यूब टाकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही असे, आणि त्यामुळेच अडचण व्हायची, कारण दरवेळी ते लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं अवजार, घेऊन डोक्याशी जायचे, एकदा घशात डोकावले की त्यांच्यासाठी बाकीची खोली संपली, आणि मागे मॉनिटरवर शॉक द्यायचा रिदम येऊन गेला तरी हुकूम द्यायला कोणी नाही. सगळ्यात चांगला हात ज्याचा, त्यालाच हात आवरायला सांगायचं, हे अवघड असतं. ज्युनियरला ट्यूब जमत नाहीये हे बघत उभं राहणं त्यांच्या जिवावर येतं, ते मी समजू शकते. घडी घालायची ती त्यासाठीच, आपलेच हात आपण धरून ठेवल्यासारखं.

हे सगळं सहा-सात माणसं असतील तेव्हाचं झालं. तालुक्याच्या ठिकाणी रात्री असतात किती? एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. लोक म्हणतात माणसंच नाहीत तर कसली टीम आणि कसले रोल, मला उलट वाटतं, माणसं कमी तेवढं आधी ठरवलेलं जास्त हवं, कारण आठ माणसांत एक जण वाया गेला तर खपून जातं, तिघांत नाही. तिघं असाल तर काय सोडायचं ते माहीत पाहिजे. छाती आणि बॅग सोडायची नाही, मशीन जवळ असेल तर रिदम बघून शॉक लवकरात लवकर, ट्यूब थांबू शकते, कागद तर थांबतोच, मग वेळा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर किंवा पेशंटच्या चादरीवर पेनाने. आम्ही आमच्या मामांना कॉम्प्रेशन शिकवलंय, रीतसर, पुतळ्यावर, आणि सांगते, त्यांच्याइतकं एका तालात दाबणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही.

दुसरी गंमत, म्हणजे गंमत कसली, की लीडर कोण हेच बऱ्याचदा ठरलेलं नसतं. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिन हा वेगळा विषय म्हणून मेडिकल कौन्सिलने मान्य केला २००९ मध्ये, त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे ड्युटी डॉक्टर, बसणार, पेशंट बघून मेडिसिनला नाहीतर सर्जरीला कॉल देणार, आणि अजूनही कितीतरी ठिकाणी तसंच चालतं. त्यातून इंटर्न येतात ते पंधरा दिवसांच्या पोस्टिंगला. पहिले पाच दिवस गॉज कुठे आणि सक्शन कुठे हे कळण्यात जातात, पुढचे पाच बरे, मग निघायची तयारी. रेसिडेंट बदलत राहतात. सिस्टर मात्र त्याच कपाटासमोर बारा वर्षं. म्हणजे रात्री तीनला पलंगाभोवती जी माणसं जमतात त्यातल्या निम्म्यांना एकमेकांची नावं माहीत नसतात, मग हाका कशा, तर "ए, तू, ब्लू शर्ट", "सिस्टर" म्हटलं की तीन सिस्टर वळून बघतात. सिडनीच्या रॉब हॅकेट नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमध्ये डोक्यावरच्या टोपीवरच आपलं नाव आणि काम लिहून घालायला सुरुवात केली, लोक हसले म्हणे, पण हसण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी चेकलिस्ट काढली त्यात सुद्धा चीर द्यायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं अशी एक ओळ आहे. कारण ज्याने एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडलंय त्याला पुढे गरज पडली तर परत उघडायला सोपं जातं.

आणि मधेच सीनियर आले की? हा प्रसंग प्रत्येक सिस्टरने बघितलाय. सगळं लयीत चाललंय, दारातून कन्सल्टंट आत येतात, "काय झालं?" विचारतात, आणि पाच जण एकदम त्यांच्याकडे तोंड करून सांगायला लागतात. छाती दाबणारा पण. खरं तर लीडरने एकट्याने तीन वाक्यांत सांगायचं, बाकीच्यांनी मान पण वळवायची नाही, आणि सीनियरना सूत्रं हवी असतील तर त्यांनी मोठ्याने म्हणायचं, "आता मी लीड करतो." नुसतं येऊन बाजूला उभं राहून हळूच एक ऑर्डर सोडली तर खोलीत दोन लीडर होतात, एक म्हणतो शॉक, एक म्हणतो थांबा. काही सीनियर येतात, बघतात, आणि म्हणतात, "तूच चालव, मी व्हेन लावतो." असे डॉक्टर मी मोजून दोन बघितलेत, पण बघितलेत.

कॅज्युअल्टीतला सगळ्यात धोक्याचा शब्द कोणता विचाराल तर मी म्हणेन "कोणीतरी". कोणीतरी शुगर बघा रे. कोणीतरी ब्लड पाठवा. एका जुन्या ठिकाणची गोष्ट, एका माणसाला बेशुद्ध आणलं, आणणारे म्हणाले दारू प्यायलाय, वास पण येत होता. आल्या आल्या डॉक्टर म्हणाले कोणीतरी शुगर बघा आणि डोक्याच्या स्कॅनचा फॉर्म भरायला बसले. मला वाटलं ब्रदरने बघितली, ब्रदरला वाटलं इंटर्नने, इंटर्नला वाटलं ही तर पहिलीच गोष्ट असते, सिस्टरने केलीच असणार. चाळीस मिनिटांनी स्कॅनला नेताना कोणीतरी पेपर चाळला तर शुगरची जागा कोरी. बघितली, २८ निघाली. २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं आणि पाच-सात मिनिटांत साहेब उठून बसले आणि चप्पल कुठंय विचारायला लागले. सगळे हसले. मी पण हसले, पण घरी गेल्यावर पोटात गोळा आला, कारण मेंदूला साखरेशिवाय चाळीस मिनिटं म्हणजे थट्टा नाही, आणि चूक कोणाची म्हणाल तर खरंच कोणाचीच नाही, काम कोणाच्याच नावावर नव्हतं ना.

त्यावर उपाय आहे तो ऐकायला पोरखेळ वाटतो. एसटीत कंडक्टर डबल बेल देतो तेव्हा गाडी हलते, त्याने मनातल्या मनात "झालं, चला" म्हणून भागत नाही, आणि ड्रायव्हर पण अंदाजाने गाडी काढत नाही. आमच्याकडे तसंच, हुकूम द्यायचा तो नाव घेऊन, ज्याला दिला त्याने तो परत उच्चारायचा, आणि काम झालं की झालं म्हणून सांगायचं. तीन पायऱ्या. पहिल्यांदा सगळ्यांनाच लाज वाटते, शाळेत उत्तर म्हणून दाखवल्यासारखं.

पण ॲड्रेनालिनचं बघा म्हणजे कळेल. आमच्याकडची नेहमीची ॲम्प्यूल १ मिलीची, त्यात १ मिलिग्रॅम औषध. हृदय बंद असेल तर आख्खी ॲम्प्यूल व्हेनमधून. पण समजा गांधीलमाशी चावून नाहीतर एखाद्या इंजेक्शनची रिॲक्शन येऊन पेशंट अंगभर फुललाय, बीपी पडलंय, घसा आवळतोय, तर मोठ्या माणसाला त्याच ॲम्प्यूलमधलं अर्धं, ०.५ मिलिग्रॅम, आणि ते मांडीच्या स्नायूत. औषध तेच, बाटली तीच. आता गडबडीत कोणी नुसतं ओरडलं "ॲड्रेनालिन दे" आणि देणारी सिस्टर मागच्याच आठवड्यात चार अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलेले पेशंट, करून आलेली असेल, तर तिचा हात आपोआप व्हेनकडे जाणार, आणि चालू असलेल्या हृदयात एकदम आख्खी ॲम्प्यूल गेली तर बीपी आकाशाला, ठोके वेडेवाकडे, कधी कधी जिवावर. म्हणून हुकूम असा हवा, "सुनीता, ॲड्रेनालिन पॉइंट फाइव्ह मिलिग्रॅम, आयएम, मांडीत." सुनीता म्हणणार, "ॲड्रेनालिन पॉइंट फाइव्ह, आयएम, मांडीत." आणि मग, "दिलं." (सुनीता नाव मी असंच घेतलंय.) हे परत म्हणणं डॉक्टरच्या पण कामाचं असतं, कारण चुकीचं बोललो हे माणसाला स्वतःच्या तोंडून ऐकताना कळत नाही, दुसऱ्याच्या तोंडून परत आलं की कळतं. शिवाय आवाजात ॲट्रोपिन आणि ॲड्रेनालिन सारखेच ऐकू येतात, डोपामिन आणि डोब्युटामिनचं तर विचारूच नका, आणि फिफ्टीन का फिफ्टी हा घोळ तर मास्कच्या आतून रोजचा, म्हणून आमचे एक सर नेहमी "वन फाइव्ह, पंधरा" असं दोन्ही म्हणायचे. फोडलेल्या ॲम्प्यूल आम्ही फेकत नाही, ट्रेमध्ये ओळीने ठेवतो, शेवटी मोजून कागदाशी जुळवायला.

आता जरा कठीण भागाकडे येते. हुकूम वरून खाली येतो त्याचं ठीक आहे, पण खालून वर काही सांगायचं असेल तर?

इंग्लंडमधली एक केस आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात आणि ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून गेली नाही. २९ मार्च २००५. एलेन ब्रॉमिली, वय ३७, दोन लहान मुलं, सायनसचं साधं ठरवून केलेलं ऑपरेशन. भूल दिल्यावर श्वासाचा मार्गच उघडा राहीना. ट्यूब जाईना, मास्कने पण हवा जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, दोन भूलतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घशाचे सर्जन, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करायचा म्हटलं तर तो करणारा माणूस तिथेच हजर. रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत खाली आला तरी वीसेक मिनिटं ट्यूब टाकायचेच प्रयत्न चालू राहिले. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला तो छेद द्यायचा, सेट आणून ठेवला आणि तो आणलाय असं सांगितलंही. दुसरीने आयसीयूला फोन करून बेड मोकळा असल्याचं सांगितलं, तर डॉक्टरांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिला वाटलं आपण फारच बाऊ करतोय, तिने परत फोन करून बेड नको म्हणून सांगितलं. तेरा दिवसांनी एलेन गेल्या.

बघा म्हणजे, काय करायला हवं ते नर्सना कळलेलं होतं. सामान पण आणलेलं होतं. कमी पडलं ते एक वाक्य, जे ऐकावंच लागेल असं. आणि डॉक्टर वाईट किंवा अडाणी होते असं मुळीच नाही, एका कामात डोकं अडकलं की भल्याभल्यांना वेळ कळत नाही, पाचव्या प्रयत्नाला पण वाटतं आता जाईल, आता जाईल. एलेन यांचे नवरे मार्टिन ब्रॉमिली विमानाचे पायलट. त्यांनी शिक्षा कोणाला करायची हे विचारलं नाही, त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी वेगळं काय कराल, आणि २००७ मध्ये याच विषयावर काम करणारा एक गट सुरू केला. पायलटलाच हे का सुचलं, तर विमानवाल्यांनी हा धडा फार महाग शिकलाय, २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली, आणि त्यात उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनियरने समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे का अशी शंका काढली होती. अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांना विमान चालवण्यासोबत एकमेकांशी बोलायचं पण ट्रेनिंग द्यायला लागले.

आपल्याकडे ही अडचण जास्तच, कारण भाषेतच ती बसलीय. पंचवीस वर्षांचे डॉक्टर "सर", पन्नास वर्षांची बाई "सिस्टर". आणि सरांना थेट सांगायचं नाही, म्हणून आम्ही काय करतो, प्रश्नाच्या वेष्टनात गुंडाळतो. "सर, सॅच्युरेशन जरा कमी वाटतंय का?" वाटतंय का म्हणजे काय, समोर रक्तातल्या ऑक्सिजनचा ७० चा आकडा लुकलुकतोय! किंवा मग, "सर, मागचे सर अशा वेळी अमुक द्यायचे..." लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे लिहून ठेवलंय, की नर्सने सल्ला द्यायचा पण दिल्यासारखं दिसू द्यायचं नाही आणि डॉक्टरने तो घ्यायचा पण मागितल्यासारखं दिसू द्यायचं नाही. वाचलं तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं हे तर आमच्या नाइट ड्युटीचं वर्णन. एरवी हा खेळ चालतो, दोघांची अब्रू राहते. पण ज्या दिवशी तीन मिनिटंच हातात असतात त्या दिवशी वेष्टन सोडवायला वेळ नसतो.

त्यासाठी एक चढती शिडी शिकवतात. पहिलं, "सर, मला काळजी वाटतेय." नाही ऐकलं तर, "सर, मला हे बरोबर वाटत नाहीये." तरी नाही तर, "सर, हे पेशंटसाठी सेफ नाही, थांबा." आणि सोबत आकडा द्यायचा, मत नाही. "ट्यूबचे दोन प्रयत्न झाले, सॅच्युरेशन ७०, आधी बॅग देऊ या का?" यात उद्धटपणा कुठेच नाही. पण हे वाक्य तोंडातून निघायचं तर आधी सरांनी दार उघडं ठेवलेलं असावं लागतं. एक मॅडम होत्या, प्रत्येक सीपीआरच्या मध्येच एकदा सगळ्यांना विचारायच्या, "मी काय विसरतेय?" एवढंच. आणि खरंच, मागून कुठून तरी मावशींचा आवाज यायचा, "मॅडम, ऑक्सिजनचा पाइप निघालाय."

अजून एक गैरसमज, की नर्सचा रोल म्हणजे डॉक्टर सांगतील ते करणं. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला तर १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, आता डॉक्टर दुसऱ्या पेशंटला टाके घालतायत म्हणून सिस्टर ऑर्डरची वाट बघत बसली तर ती १० मिनिटं तिथेच संपली. जिथे लेखी ठरलेलं असतं की अशा पेशंटचा ईसीजी सिस्टरच काढणार आणि डॉक्टरच्या नाकासमोर नेऊन धरणार, तिथे कामं पटापट होतात. लकव्याच्या पेशंटचं तसंच, रक्ताची गाठ विरघळवायचं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि नेहमीच्या अल्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो, म्हणून "शेवटचे ठीक कधी होते आणि वजन किती" हे दोन प्रश्न स्ट्रेचर आत येता येताच विचारायचे. ते कोण विचारणार हे ठरलेलं नसेल तर चौघं विचारतात, नाहीतर कोणीच नाही.

रात्री दोनला कन्सल्टंटना झोपेतून उठवून फोन करायचा तर तो कसा करायचा याची पण एक पद्धत आहे, ती मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली. आत्ता काय चाललंय, मागचं थोडक्यात, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. "सर, बेड चारचे आजोबा, बीपी ८० झालंय, दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय, ड्रेनमध्ये रक्त वाढलंय, मला वाटतं आत ब्लीडिंग होतंय, तुम्ही आत्ता या." वीस सेकंद. नाहीतर आमचे फोन कसे असतात, "सर ते बेड चारचे आजोबा आहेत ना, ते जरा बरे वाटत नाहीयेत..." आणि सर म्हणतात, "बरं, सलाइन लावा, सकाळी बघतो." सर चुकले असं म्हणता येईल का? त्यांना झोपेत जेवढं कळलं त्यावर बरोबरच बोलले ते.

आमच्याकडे आता ड्युटी बदलताना पांढऱ्या बोर्डवर चार ओळी लिहितो. लीड कोण, डोक्याशी कोण, औषधं कोण, लिहिणार कोण. खाली कॉम्प्रेशनला दोन नावं. दोन मिनिटांचं काम. गर्दीच्या दिवशी राहून जातं, खोटं कशाला बोलू. आणि नातेवाईकांशी कोण बोलणार ही पाचवी ओळ आम्ही आत्ता आत्ता घातली, त्या मुलानंतर.

त्या दिवशी मी त्याला फाइल उघडून तोच कागद दाखवला, ज्यावर मी लिहीत होते. माझं अक्षर तसं बरं आहे, पण तो कागद म्हणजे मुंग्या चालल्यासारखा. ३.०५ कोसळले, सीपीआर सुरू. ३.०६ शॉक पहिला. ३.०८ शॉक दुसरा, ॲड्रेनालिन १. ३.१० शॉक तिसरा, ॲमिओडॅरोन ३००. ३.१२ ॲड्रेनालिन. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, खाली ३.५० पर्यंत. पायाशी उभे असलेले डॉक्टर काय करत होते ते पण मी सांगितलं, यातली प्रत्येक ओळ त्यांच्या तोंडून आलीय म्हणून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मधल्या एका ओळीवर बोट परत नेलं, ३.१४, कॉम्प्रेशन, मामा. आणि पुढे परत ३.२०, मामा. ३.२६, मामा.

"हे मामा कोण?"

म्हटलं, आमचे वॉर्डबॉय, आत्ता ड्युटीवर आहेत, खाली चहाला गेले असतील. त्याने झेरॉक्स तिथेच टेबलावर ठेवल्या आणि जिन्याकडे गेला.